गादीखालचं पाणी

नळीसर खरं म्हणजे सर नव्हतेच. शाळेच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. बाटल्या धुवायच्या, स्टँड उभे करायचे, चंबूंना रबरी नळ्या जोडून द्यायच्या आणि तास संपला की मुलांनी घातलेला गोंधळ निस्तरायचा, हे त्यांचं काम. गळ्यात कायम एखादी नळी टाकलेली असायची म्हणून पोरांनी नाव ठेवलं नळी, आणि मारकुट्या मास्तरांपेक्षा हा माणूस बरा म्हणून त्यापुढे सर लावलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सख्खा मेहुणासुद्धा "काय नळीसर" म्हणून हाक मारायचा, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

त्यांच्या बायकोलाही असंच एक नाव होतं, ऑपरेटरबाई. टेलिफोनच्या कचेरीत तिने उभी हयात कानाला हेडफोन लावून काढली होती. पलीकडचा माणूस बोलायच्या आधी नुसता श्वास घेतो, तेवढ्यावरून तो भांडायला आलाय की लाडीगोडी लावायला, हे तिला कळायचं. घरात तिच्यासमोर थाप मारायची सोयच नव्हती. हिच्याशी खोटं बोलायचं तर श्वास रोखून बोलावं लागतं, असं सर म्हणायचे. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने गिळलं आणि एकमेकांची चेष्टा करत संसार केला. चांगला केला.

पुढे बाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पार गेली. डावा हात तेवढा राहिला, आणि जीभ. जीभ अडखळायची, शब्द अर्धे बाहेर यायचे, पण धार होती तीच. घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. डोक्यावर उघडी गच्ची. उन्हाळ्यात दुपारी स्लॅब असा तापायचा की पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. गादीवर रबराची चादर घातलेली, त्यामुळे पाठीला घाम, घामाने कातडी लाल. डॉक्टरांनी बजावलं, की पाठ कोरडी आणि गार ठेवा, कूस बदलत राहा, नाहीतर जखमा होतील आणि मग आवरणार नाहीत. कूस बदलायला, अंग पुसायला सकाळ-संध्याकाळ एक मावशी यायच्या. दणकट बाई. ऑपरेटरबाईंना लहान मुलासारखं उचलायच्या आणि वर दोन शब्दही ऐकून घ्यायच्या.

कोरडी ठेवणं जमत होतं. गार कशी ठेवायची, यापुढे सरांनी हात टेकले होते. एक दिवस भांडी घासता घासता त्यांना प्रयोगशाळेतला कंडेन्सर आठवला. आतल्या काचेच्या नळीतून वाफ जाते, बाहेरून गार पाणी खेळत राहतं, आणि वाफेचा ताप पाणी घेऊन जातं. जन्मभर हा प्रयोग मांडून दिला. मग तेच पाणी गादीत का खेळवू नये? सरांनी भांडी तशीच टाकली आणि पेन्सिल शोधायला लागले.

शेजारी एक टेलर होता. त्याच्याकडून त्यांनी दोन जुन्या चादरी एकावर एक ठेवून नागमोडी शिवून घेतल्या. त्या शिवणींच्या मधून बोटाएवढी मऊ नळी ओवली, पलंगाच्या उशापासून पायथ्यापर्यंत आणि परत. नळीचं एक टोक बादलीतल्या पंपाला आणि दुसरं परत बादलीत. बादलीला ओलं पोतं गुंडाळलेलं, आत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या. आधी त्यांनी माशांच्या टाकीतला पंप लावून पाहिला, पण त्यात दम नव्हता. पाणी पलंगाच्या कडेपर्यंत चढलं आणि तिथेच विचार करत राहिलं. मग मुठीएवढा बारा व्होल्टचा पंप आणला, तो चालला.

बारा व्होल्टच का, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून समजावायचे. पाणी, वीज आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस अशी तिन्ही एका जागी आली, की भिंतीतली वीज तिथे नको. ती एका चुकीत जीव घेते. बारा व्होल्टच्या उघड्या तारेला बोट लावलंत तर कळणारही नाही. वीज बारीक करणारा अडॅप्टर त्यांनी उंच फळीवर ठेवला, आणि तिथून खाली येणाऱ्या वायरला एक झोळ दिला. वायरवरून थेंब ओघळलाच तर झोळाशी टपकेल, वर चढणार नाही. पंप सदैव पाण्यात बुडलेला हवा, कोरडा फिरला की मेलाच समजा. नळीला कुठे उंचवटा राहता कामा नये, तिथे हवा अडकून बसते आणि पाणी थांबतं. बाईंच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या दांडीला, एक छोटं बटण टांगलं. फार गार वाटलं तर तिने तिचं बंद करावं, कोणाला हाक मारायला नको.

पहिल्या दिवशी एक सांधा निसटला आणि सगळं अंथरूण भिजलं. सरांचं तोंड एवढंसं झालं. बाई छताकडे बघत अडखळत म्हणाल्या, "अहो, एवढं एकच काम माझ्याकडे राहिलं होतं. तेही तुम्ही घेतलंत." झटका आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला होता. सर पोट धरून हसले आणि मग टॉवेल आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन रडले.

त्यानंतर मात्र यंत्र चाललं. दिवसभर पलंगाखाली बारीक गुणगुण, आणि बादलीत परत पडणाऱ्या पाण्याची झुळझुळ. बाईंच्या पाठीवरचा लाल डाग विरला. गल्लीत बातमी पसरली आणि लोक बघायला यायला लागले. कोणी म्हणे आमच्या कुंड्यांना असं पाणी फिरवून द्या, कोणी म्हणे गच्चीवरच्या टाकीत कासवं आहेत, त्यांचं पाणी हलतं ठेवा. निवृत्त माणसाला आणखी काय हवं? सर गळ्यात नळी टाकून निघायचे. ही गर्दी दर्शनाला येते ती माझ्या की पंपाच्या, असं बाई विचारायच्या. सर म्हणायचे, पंपाच्याच, तुला काय बघायचंय.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी बाई गेल्या.

त्या दुपारी सर पलीकडच्या रस्त्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडे होते. डॉक्टरांना बाहेरच्या खोलीत एक छोटं कारंजं हवं होतं. आतल्या मशीनचा आवाज ऐकून रोग्यांची बोबडी वळते, पाण्याच्या आवाजाने जरा धीर येईल, अशी त्यांची कल्पना. सर म्हणाले, हे काय, आत्ता बसवतो. पण नळीत हवा अडकली. ती काढली. मग कारंजं उडालं आणि गाल सुजलेले चारपाच रोगी टाळ्या वाजवायला लागले. सरांनी त्यांना हवा कशी अडकते, कशी काढायची, हे नळी वरखाली करून दाखवलं. मग चहा आला. मग कोणीतरी विचारलं, की घरची ती गादी तुम्हीच केलीत ना? मग ते सांगणं झालं.

घरी येऊन त्यांनी दार उघडलं आणि आधी त्यांना पंप ऐकू आला नाही. बाईंकडे त्यांची नजर त्यानंतर गेली. पुढे कितीही वेळा त्यांनी ती दुपार मनात उलगडली तरी क्रम हाच राहिला. आधी ती शांतता, मग बाई.

मग माणसं जमली, पलंग सरकवला, टेलरने वायरी ओढून काढल्या, बादली मोरीत नेऊन पालथी केली. त्या गडबडीत काय सुरू होतं आणि काय बंद होतं, ते बघायला जागाच उरली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. सरांनी एकच प्रश्न विचारला, की गादी तापली तर असं होतं का? गादी तापल्याने कोणी मरत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि खांद्यावर हात ठेवून जिना उतरले. सरांना ते पटलं नाही. त्यांच्या मनात पक्कं बसलं, की पंप आपोआप बंद पडला. ती त्या भट्टीत पडून राहिली, तिला हाक मारता आली नाही, आणि मी तिकडे टाळ्या घेत होतो. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. असल्या गोष्टी माणूस सांगत नाही, आतल्या आत चावत बसतो.

पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि पहिल्याच दुपारी त्यांना गुणगुण ऐकू आली.

आधी वाटलं फ्रिज असेल. फ्रिजचा प्लग काढला. वाटलं टेलरचं मशीन असेल. खिडकीतून पाहिलं तर टेलर तोंड उघडं टाकून झोपला होता. सरांनी मीटरपाशी जाऊन घराची वीजच बंद केली. गुणगुण होतीच. ती पलंगाखालून येत होती. वाकून बघितलं तर पलंगाखाली धूळ आणि बाईंच्या केसांची एक पिन. पंप माळ्यावर, फडक्यात गुंडाळलेला, हाडासारखा कोरडा. पण ते खोलीबाहेर गेले की आवाज बारीक व्हायचा आणि खोलीत आले की मोठा. गुणगुणीच्या आड पाणी परत पडल्यासारखं वाटायचं, आणि कधी कधी कोणी उसासा टाकल्यासारखं.

कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि वयाने होतं म्हणून सांगितलं. सरांनी मान हलवली. ते भुताखेतांना मानणारे नव्हते. पण भुताला न मानणाऱ्या माणसाच्या मागे एकदा भूत लागलं ना, की त्याचे हाल कुत्रं खात नाही, कारण त्याच्याकडे उताराच नसतो. मानणारा निदान काहीतरी ओवाळून टाकतो आणि झोपतो. सरांची झोप गेली. जेवण दोन घासांवर आलं. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा एक दिवस मावशी जिना चढून आल्या. त्यांची आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ती पत्र्याखालच्या खोलीत पाठीवर पडून होती. मावशींना ती गादी हवी होती. विकत नको, उसनी द्या, उन्हाळाभर, असं त्या म्हणाल्या. सर एकदम नाही म्हणाले. ते यंत्र बरोबर नाही, दगा देतं, एवढंच बोलले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मावशींना वाटलं, बायकोची वस्तू द्यायला जीव होत नाही यांना. दोन वर्षं ताईंची कूस मी बदलली, मला परकी समजू नका, असं बोलून त्या गेल्या. तसं बोलून गेलेल्या बाईला नाही म्हणणं सोपं नसतं.

सरांनी विचार केला, की आपण प्रयोगशाळेतली माणसं, प्रयोग करू. यंत्र पुन्हा मांडायचं, जसंच्या तसं. उन्हाळाभर चालवायचं. ते का बंद पडतं, ते एकदा सापडलं की दुरुस्त करून मावशींना द्यायचं. तोवर द्यायचं नाही, एका बाईचा जीव घेतला तेवढा पुरे.

त्यांनी माळ्यावरून सगळं काढलं. गादी पसरली, बादलीला पोतं गुंडाळलं, पंप बुडवला, बटण होतं तिथे डाव्या दांडीला टांगलं. गादीवर माणूस झोपलं की नळ्या दबतात आणि पंपाला जोर पडतो, तेव्हा नुसत्या गादीवर प्रयोग करून उपयोग नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी गोधडीची लांब वळकटी केली, तिच्यात वाळूच्या पिशव्या घातल्या, बाईंच्या उंचीइतकी. वर चादर घातली. टेलर आपल्या खिडकीशी उभा राहून चहा पीत होता, त्याने ते पाहिलं आणि कप खाली टाकला. दुसऱ्या दिवशी त्याने आपलं मशीन दुसऱ्या भिंतीला हलवलं.

पंप सुरू केला आणि सर खुर्ची घेऊन समोर बसले. आता गुणगुण खरोखरची होती, त्यामुळे दुसरी ऐकू येत नव्हती, एवढाच काय तो आराम. दिवसामागून दिवस गेले. पंप चालत राहिला. त्यांनी त्याचं झाकण उघडून आतलं चक्र बघितलं, तर त्यावर एक ओरखडा नाही. जाळीत एक केस नाही. अडॅप्टर हाताला कोमट, त्याहून जास्त नाही. आरोपी गुन्हा कबूल करत नव्हता. सर त्याला शिव्या द्यायला लागले. कधी चादरीकडे बघून, अगं, गार वाटतंय ना, असंही विचारून बसायचे आणि मग स्वतःच दचकायचे.

मग त्यांना वाटलं, आपण समोर असतो म्हणून हा चालतो. त्या दिवशी आपण नव्हतो. माणूस नसताना हा दगा देतो. आता शहाण्या माणसाला हे पटायचं नाही, पण सरांच्या जागी बसून बघा. तर ते दुपारी बाहेर जायला लागले. खालच्या रस्त्याला वळसा घालायचा, आणि परत येताना जिन्याशी चपला काढून हातात घ्यायच्या, भिंतीला धरून एकेक पायरी हलकेच चढायची आणि दाराला कान लावायचा. पंपाला पत्ता लागू न देता त्याला पकडायचं. शेजारणी बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. रोज आतून गुणगुण यायचीच.

मधल्या काळात मावशी दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा सरांनी सांगितलं, की अजून खात्री नाही. आईच्या पाठीचं त्या काहीतरी सांगत होत्या, पण सरांचं लक्ष पंपाकडे होतं.

आणि मग एका दुपारी ते चपला हातात घेऊन वर आले, दाराला कान लावला, आणि आत काही नव्हतं. गुणगुण नाही, झुळझुळ नाही. त्यांच्या अंगावर काटा आला. तीच शांतता होती ती. पण त्या भीतीत आनंदही होता, लाज वाटावी असा. सापडला एकदाचा. दाराला कुलूप नाही, हेही ध्यानात न घेता त्यांनी दार ढकललं.

आत मावशी होत्या. त्यांनी वाळूच्या पिशव्या कोपऱ्यात रचल्या होत्या आणि गादीची घडी घालायला घेतली होती. सरांना पाहून त्या केवढ्या दचकल्या. टेलरकडे घराची किल्ली असायची, ती त्यांनी मागून आणली होती.

"हा कधी बंद पडला?" सरांनी विचारलं. त्यांना धाप लागली होती.

"पडला नाही. मी बंद केला," मावशी म्हणाल्या. "घेऊन चाललेय मी हे. रागवायचं तर रागवा. माझ्या आईच्या पाठीची सालं निघायला लागलीत, आणि तुम्ही इथे गोधडीला गारवा देताय."

सर पलंगाच्या कडेवर बसले. चपला अजून हातातच होत्या. त्यांना वाटलं होतं की हे आपण कधीच कोणाला सांगणार नाही, पण आता सांगितल्याशिवाय ही बाई ऐकायची नाही आणि तिच्या आईचंही तेच होईल.

"मावशी, हा दगा देतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मी आलो तेव्हा हा बंद होता. आपोआप पडला होता. किती वेळ कोण जाणे. ती तापत पडली इथे, आणि मी... म्हणून देत नाही मी तुम्हाला."

मावशींच्या हातातली घडी सुटली. त्या सरांकडे बघत राहिल्या. वर्षभर हा माणूस काय वाहत होता, ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्याही खाली बसल्या, जमिनीवर.

"सर, तो आपोआप नाही पडला," त्या म्हणाल्या. "ताई रोज बंद करायच्या."

सरांना आधी ते कळलंच नाही. मावशींना सगळं नीट सांगावं लागलं. सकाळी त्या अंग पुसत असताना सर भाजीला, औषधाला, कोणाच्या कुंड्या बघायला बाहेर पडायचे. ते जिना उतरले की ताई डाव्या हाताने बटण दाबायच्या आणि पंप बंद करायच्या. मग डोळे मिटून गप्प पडायच्या. घाम यायचा. मावशी कपाळ पुसत म्हणायच्या, अहो सुरू करा ते. तर ताई बोट ओठावर ठेवायच्या. थोड्या वेळाने म्हणायच्या, आले. आणि बटण पुन्हा दाबायच्या. मावशींना तर काहीच ऐकू यायचं नाही. पण खरंच, जरा वेळाने सर दारात उभे असायचे. पंप सुरू, पाणी सुरू, आणि ताई जसं काही झालंच नाही अशा.

"म्हणायच्या, हे गुणगुणायला लागलं की यांची पावलं ऐकू येत नाहीत," मावशी म्हणाल्या. "कोपऱ्यापासून ऐकू यायची त्यांना. एवढ्या रस्त्यावरच्या माणसांतून बरोबर तुमची."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"शपथ घातली होती. तुम्ही एवढ्या हौसेनं केलं होतं, तुम्हाला वाईट वाटलं असतं. मी म्हणायची, ताई, उकडतं हो. तर म्हणायच्या, उकडू दे, थोडा वेळच तर असतं."

 चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, एवढं सरांना कळलं. पंप निर्दोष सुटला होता. त्याने कधी दगा दिला नव्हता, तो चांगला पंप होता. आता ती दुपार त्यांच्यापुढे पहिल्यांदा खरी उभी राहिली. आपण जिना उतरलो. तिने बटण दाबलं. मग ती ऐकत राहिली. पलीकडच्या रस्त्यावर नळीतली हवा निघाली, कारंजं उडालं, टाळ्या झाल्या, चहा आला, आणि ती ऐकत राहिली. आधी झोप लागली की नाही, ते कोणाला माहीत? झोपेत गेल्या असं डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, उठून बादली रिकामी केली आणि नळ्या गुंडाळायला लागले. मावशी म्हणाल्या, राहू द्या आज. सर म्हणाले, नाही, आजच. दोघांनी मिळून सगळं उचललं आणि संध्याकाळ व्हायच्या आत पत्र्याखालच्या त्या खोलीत गादी पसरली. अडॅप्टर उंचावर ठेवला, वायरला झोळ दिला, नळी हलवून हलवून हवा काढली. म्हातारीला कुशीवर घेऊन पाठ पाहिली तेव्हा सरांना स्वतःची शरम वाटली, आणि ते तिला तसं म्हणाले. तिला ऐकू कमी यायचं. त्यांनी बटण तिच्या हाताशी बांधून दिलं आणि मोठ्याने सांगितलं, की बंद करावंसं वाटलं तर हे दाबायचं. कशाला बंद करू, म्हातारी म्हणाली, छान गार लागतंय. मावशी हसल्या. सरही हसले, पण त्यांना तिथे बसवेना.

त्या दिवसापासून घरातली गुणगुण गेली. तिची त्यांनी वर्षभर विनवणी केली होती, की जा बाई, सोड मला. आता ती गेली, आणि मागे जी शांतता राहिली ती त्यांना जास्त जड झाली. गुणगुण निदान नुसती वाजत होती. ही शांतता कान लावून बसलेली होती. ते घरात असले की काही वाटायचं नाही. बाहेर पडले, की पाठीमागे कोणीतरी सगळे आवाज बंद करून पडून राहिलंय, हे त्यांना रस्ताभर जाणवायचं.

लोक अजूनही बोलावतात आणि सर जातात. पंप बुडवतात, हवा काढतात, पाणी फिरायला लागलं की निघतात. चहाला थांबत नाहीत. बसा हो, घरी कोण वाट बघतंय, असं एखादा बोलून जातो आणि मग जीभ चावतो. सर म्हणतात, नको, उशीर होईल. चपलांना त्यांनी चांभाराकडून लोखंडी नाल ठोकून घेतलेत. कोपऱ्यावर वळले की पावलं मुद्दाम आपटत येतात, भर गर्दीत, टाक टाक टाक, आणि टेलर मान वर न करताच गिऱ्हाइकाला सांगतो, आमचे सर आले. जिना चढून ते दाराशी थांबतात. आतून बटण दाबायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ जाऊ देतात, आणि मगच कुलूप काढतात.